कॅम्परच्या बाहेरचे सैल स्क्रू : आधी पकड, मग पाणबंदी

कॅम्परभोवती, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या प्रवासी गाडीभोवती, एकदा सावकाश फेरी मारून बाहेरून बसवलेली प्रत्येक वस्तू हाताने हलवून पाहावी, म्हणजे ही गाडी किती स्क्रूंच्या भरवशावर धावते हे कळते. दाराच्या बिजागऱ्या, दार उघडे धरून ठेवणारी खिट्टी, चढताना धरायची मूठ, सामानाच्या कप्प्यांची झाकणे, फ्रिजमागच्या जाळ्या, बाजूचे दिवे, पाणी भरण्याचे तोंड, मागची शिडी, ऑनिंगची (बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराची) पट्टी आणि भिंत व छत जिथे मिळतात तिथली कोपऱ्याची लांबलचक पट्टी, या सगळ्यांना आधार असतो तो पातळ पत्र्याचा किंवा फायबरचा आणि त्यामागच्या बारीकशा लाकडाचा. वस्तू धरून ठेवणे हे स्क्रूचे काम आहे आणि स्क्रूसाठी पाडलेल्या भोकातून पाणी आत जाऊ न देणे हे सीलंटचे काम आहे. ही दोन कामे वेगळी आहेत, आणि माझ्या मते बाहेरच्या दुरुस्तीतले बहुतेक अपयश ती एकमेकांत मिसळल्यामुळे येते. सैल वस्तूवर सीलंटचा जाड थर चोपडला जातो किंवा गळणाऱ्या जागचा स्क्रू आणखी आवळला जातो, आणि दोन्ही वेळा मूळ बिघाड भिंतीच्या आत तसाच राहतो.

स्क्रू सैल का होतात हे समजून घेतले तर दुरुस्ती कुठली करायची हे बरेचसे आपोआप ठरते. रस्त्यावरचे हादरे हे कारण सर्वांच्या लक्षात येते, पण तापमानाचा वाटा सहसा कुणी धरत नाही. ॲल्युमिनियमची ६ मीटर लांबीची पट्टी ४० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे साडेपाच मिलिमीटर लांबते, तर तिच्या मागचे लाकूड शिरांच्या दिशेने एखाद्या मिलिमीटरच्या आसपासच हलते. उन्हात तापलेल्या आणि पहाटे थंड झालेल्या पट्टीचे स्क्रू अशा रीतीने रोज थोडे थोडे डुलवले जातात, आणि पट्टीच्या टोकांकडचे स्क्रू मधल्यांपेक्षा आधी का ढिले होतात याचेही उत्तर त्यातच आहे. तिसरे कारण म्हणजे विजेच्या स्क्रूड्रायव्हरने बेताबाहेर आवळणे. मऊ लाकडात स्क्रूचे डोके टेकल्यानंतर दिलेला आणखी अर्धा फेरा लाकडातले आटे कापून टाकतो. तो स्क्रू वरून घट्ट दिसतो, पण त्याने पकडलेले लाकूड आत भुसा झालेले असते. चौथे कारण पाणी, आणि ते सर्वांत गंभीर आहे, कारण बाकीची तीन कारणे एका भोकापुरती असतात, पाणी मात्र पसरते.

म्हणून फिरता स्क्रू सापडला की तो आवळण्याआधी पूर्ण बाहेर काढून नीट पाहावा. स्क्रू स्वच्छ असेल आणि आट्यांत कोरडा, फिकट भुसा अडकलेला असेल, तर लाकूड शाबूत आहे आणि फक्त आटे गेले आहेत. स्क्रूवर तांबूस गंज असेल, मधला भाग खाल्ल्यासारखा बारीक झाला असेल किंवा टोकाला काळपट, ओलसर चिकटा असेल, तर त्या भोकातून पाणी आत गेले आहे. अशा वेळी बारीक टोच्या भोकातून आत घालून लाकूड चाचपावे. निरोगी लाकूड टोच्याला अडवते, कुजलेले लाकूड त्याला आत घेते. ओलावा मोजण्याचे यंत्र असेल तर बाहेरच्या पत्र्यावरून मोजण्यात अर्थ नाही, कारण धातूमुळे आकडा फसवा येतो. आतल्या बाजूने, भिंतीवर त्याच जागी मोजावे. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणाऱ्या बुरशीला सहसा वाढता येत नाही. त्याच्या वरचा आकडा दिसला तर पाणी कुठून येते हे आधी शोधावे, आणि आकडा ३० च्या आसपास किंवा पुढे असेल तर आतली भिंत उघडण्याची मानसिक तयारी ठेवावी. कुजलेल्या लाकडी पट्टीत कुठलाही स्क्रू, कुठलाही गोंद आणि कुठलाही डिंक टिकणार नाही. तिथे पट्टी कापून नवी बसवणे हाच मार्ग आहे, आणि पुढे लिहिलेले सगळे उपाय शाबूत लाकडासाठी आहेत.

आपली भिंत कोणत्या जातीची आहे हेही आधी पाहिले पाहिजे. लाकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकलेली भिंत, दोन पातळ थरांमध्ये फोम चिकटवून केलेली सलग भिंत, साच्यातून काढलेली फायबरची कवचासारखी भिंत आणि व्हॅनची पोलादी पत्र्याची भिंत, या चौघींत स्क्रू ज्याला धरतो ती वस्तूच वेगळी असते. फ्रिजची जाळी किंवा एखादा दिवा काढला की कापलेल्या कडेवर भिंतीचे सगळे थर उघडे दिसतात. तेवढ्या एका खिडकीतून मिळणारी माहिती बाहेरून टकटक करून काढलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी खात्रीची असते.

जाड किंवा लांब स्क्रू घालणे हा उपाय सर्वांत आधी सुचतो, आणि तो मला सर्वांत कमी आवडतो. ८ नंबरच्या स्क्रूचा व्यास सुमारे ४.२ मिलिमीटर आणि १० नंबरचा ४.८ मिलिमीटर असतो. हा फरक लहान वाटतो, पण दोन सेंटिमीटर रुंदीच्या लाकडी पट्टीत, तेही तिच्या टोकाजवळ, तेवढ्यानेच लाकूड उभे चिरते. शिवाय जाड स्क्रूचे डोके बिजागरीच्या किंवा पट्टीच्या खोलगट भोकात पुरते बसत नाही, कडेवर टेकून उभे राहते आणि पुढच्या आवळण्यात वस्तूच वाकवते. लांब स्क्रूचा धोका त्याहून मोठा आहे. कॅम्परच्या भिंती बहुधा तीन-चार सेंटिमीटरच जाड असतात आणि त्यांतूनच दिव्यांच्या तारा, कधी पाण्याची तर कधी गॅसची नळी गेलेली असते. आतून काय जाते हे माहीत असल्याशिवाय मूळ स्क्रूपेक्षा लांब स्क्रू घालू नये, आणि ड्रिल चालवण्याआधी बॅटरीची जोडणी सोडवून गॅसची टाकी बंद करावी. बिटवर हव्या त्या खोलीला चिकटपट्टीचा वेढा दिला की ड्रिल किती आत गेले हे डोळ्यांना दिसत राहते.

लाकडी चौकटीतले गेलेले भोक दुरुस्त करण्याचे दोन मार्ग माझ्या विश्वासाचे आहेत. पहिला म्हणजे भोक ८ किंवा १० मिलिमीटरचे गोल करून त्यात पाण्याला दाद न देणाऱ्या गोंदाने लाकडी गुजी, म्हणजे भोक भरणारी गोल खुंटी, बसवणे. येथे एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. बाजारातल्या तयार गोल गुजीच्या शिरा तिच्या लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे स्क्रू त्या शिरांना समांतर आत जातो, आणि त्या दिशेला लाकडाची पकड कमी असते. फळीतून आडव्या शिरांचा गोल ठोकळा कापून काढता आला तर तो निश्चितच जास्त धरतो, आणि बिजागरीसारख्या रोज ओढ खाणाऱ्या जागी हा जादा खटाटोप करण्यासारखा आहे. काडेपेटीच्या काड्या किंवा दात कोरण्याच्या काड्या गोंदात बुडवून भोकात कोंबण्याची युक्ती दिव्याच्या काचेसारख्या हलक्या वस्तूला चालते. हाताच्या मुठीला, शिडीला किंवा दाराला ती करू नये.

दुसरा मार्ग इपॉक्सीचा, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर टणक होणाऱ्या राळेचा आहे, आणि बोटी दुरुस्त करणाऱ्यांकडून आलेली ही पद्धत कॅम्परला तंतोतंत लागू पडते. भोक स्क्रूच्या दुपटीइतके रुंद करायचे, आतला भुसा फुंकून काढायचा आणि आधी पातळ इपॉक्सी कापसाच्या काडीने भोकाच्या भिंतींना पाजायची, म्हणजे ती लाकडात मुरते. त्यानंतर त्याच इपॉक्सीत भरणाची पूड घालून ती लोण्यासारखी घट्ट करायची आणि सिरिंजने भोकाच्या तळापासून वर भरत यायची, म्हणजे आत हवेचा फुगा अडकत नाही. पातळ थर वगळून थेट घट्ट मिश्रण भरले तर ते लाकडाला नीट धरत नाही आणि काही महिन्यांनी आख्खा गोळाच स्क्रूसकट बाहेर येतो. एक दिवस ते भरण वाळू द्यावे, थंड हवेत त्याहून जास्त, आणि मग स्क्रूच्या गाभ्याच्या व्यासाइतके भोक पाडून स्क्रू हाताने बसवावा. इपॉक्सीतले आटे लाकडातल्यापेक्षा टणक असतात आणि मुख्य म्हणजे भोकाच्या भिंती इपॉक्सीने बंद झाल्यामुळे, उद्या वरचे सीलंट चुकले तरी पाणी लाकडाच्या शिरांपर्यंत सहजी पोचत नाही. जुन्या गाडीवर काम करताना पकड देणारा आणि त्याच वेळी लाकडाचे रक्षण करणारा दुसरा उपाय मला माहीत नाही, म्हणून मी त्याचा आग्रह धरतो.

फोमच्या भिंतीची गोष्ट निराळी आहे. फोम स्क्रूला धरतच नाही. जे काही धरते ते बाहेरचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फायबर आणि त्यामागचा पातळ प्लाय, आणि तेही तिथे असला तर. कारखान्यात जड वस्तूंच्या मागे लाकडी किंवा धातूचा तुकडा आधीच बसवलेला असतो, पण नंतर जोडलेल्या वस्तूंच्या मागे तो नसतो, आणि सैल होणाऱ्या वस्तूंत याच जास्त असतात. येथे भोकातून वाकवलेला खिळा आत घालून तो फिरवत पत्र्यामागचा फोम रुपयाएवढ्या घेरात कोरून काढायचा आणि ती पोकळी घट्ट इपॉक्सीने भरायची, म्हणजे आत एक टणक चकती तयार होते जी भोकातून बाहेर ओढली जाऊ शकत नाही. पोकळी मोठी असेल तर दोन टप्प्यांत भरावी, कारण इपॉक्सीचा मोठा गोळा वाळताना बराच तापतो आणि शेजारचा फोम वितळवू शकतो. फायबरच्या कामात नेहमी वापरली जाणारी पॉलिस्टर रेझिन येथे चुकूनही वापरू नये. तिच्यातल्या स्टायरिनने पॉलिस्टायरिनचा फोम विरघळून जातो आणि हातात मूळच्यापेक्षा मोठी पोकळी येते. ॲसिटोनही तेच करतो.

ज्या वस्तूवर माणसाचा जीव किंवा रस्त्यावरच्या दुसऱ्यांचा जीव अवलंबून आहे, म्हणजे शिडी, सायकलींची चौकट, ऑनिंगचे हात, छतावरचे सोलर पॅनेल, त्यांच्यासाठी मी भरलेल्या भोकावरही विसंबत नाही. तिथे आरपार बोल्ट घालावा, आतल्या बाजूला ॲल्युमिनियमची रुंद पट्टी द्यावी, आणि फोम दाबला जाऊ नये म्हणून भिंतीच्या जाडीइतकी धातूची नळी बोल्टभोवती घालावी. ही नळी नसेल तर नट आवळताना भिंतीचे दोन्ही थर एकमेकांकडे खेचले जातात, बाहेर खळगा पडतो, त्या खळग्यात पाणी साचते आणि बोल्ट काही दिवसांनी पुन्हा सैल होतो. आत कपाटात एक पट्टी दिसेल याची खंत करण्यापेक्षा सायकलींसकट चौकट रस्त्यावर पडणार नाही याचे समाधान मोठे आहे.

पत्र्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या नळीच्या चौकटीत सेल्फ-टॅपिंग (स्वतःच आटे पाडत जाणाऱ्या) स्क्रूचे आटे एकदा गेले की तिथे रिव्हेट नट बसवणे उत्तम. हा आतून आटे असलेला छोटा पोकळ नट बाहेरूनच भोकात घालून अवजाराने दाबला की मागच्या बाजूला फुगतो आणि पत्र्याला कायमचा धरतो. नंतर त्यात मशीनचा स्क्रू कितीही वेळा काढघाल करता येतो. ६ मिलिमीटरच्या स्क्रूसाठीच्या नटाला साधारण ९ मिलिमीटरचे आणि ५ मिलिमीटरच्याला ७ मिलिमीटरचे भोक लागते, आणि भोक थोडेसुद्धा मोठे झाले तर नट जागच्या जागी फिरू लागतो, म्हणून बिट नवे आणि धारदार घ्यावे. जी वस्तू परत काढायची नाही तिथे रिव्हेट चालतो, मात्र बाहेरच्या अंगाला बंद टोकाचा रिव्हेट घ्यावा, कारण साध्या पॉप रिव्हेटच्या मधल्या दांड्याभोवतीची फट पाण्याला वाट देते.

ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू घालताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. दोन वेगळ्या धातूंमध्ये खारट किंवा मळकट पाणी आले की ॲल्युमिनियम झिजू लागते आणि स्क्रूभोवती पांढरी पूड दिसते. ही पूड म्हणजे तुमच्या भिंतीचा गेलेला भाग आहे. उपाय सोपा आहे, तो म्हणजे नायलॉनचे वॉशर आणि आट्यांवर धातू वेगळे ठेवणारी पेस्ट किंवा निदान सीलंट. साध्या झिंकच्या मुलाम्याचे स्क्रू बाहेर वापरू नयेत, कारण मुलामा डोक्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरनेच खरवडला जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. आट्यांवर लावायचे पातळ लॉकिंग द्रव धातू-धातूच्या जोडात योग्य आहे, पण दिव्याच्या आणि झाकणाच्या प्लास्टिकला ते लागले तर प्लास्टिकला तडे जातात.

जुने स्क्रू काढताना डोके खराब होण्याचे मोठे कारण चुकीचे टोक हे असते. फिलिप्स आणि पोझिड्राइव्ह हे दोन्ही अधिकचिन्हासारखे दिसतात, पण पोझिड्राइव्हच्या डोक्यावर मुख्य खाचांच्या मध्ये बारीक रेषा असतात आणि फिलिप्सचे टोक त्यात घसरते. अडकलेला स्क्रू आधी किंचित आवळावा, मग सोडवावा. तरीही हलला नाही तर सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने डोके काही क्षण गरम करावे, म्हणजे जुने सीलंट मऊ होते आणि गंजाची पकड सुटते.

आता पाणबंदी. वस्तू पूर्ण काढून मागचे जुने सीलंट प्लास्टिकच्या पात्याने खरवडून पृष्ठभाग अगदी स्वच्छ केल्याशिवाय नवे लावणे व्यर्थ आहे. सिलिकॉनबद्दल माझे मत ठाम आहे : कॅम्परच्या बाहेरच्या अंगाला ते लावू नये. त्याचा पातळसा अंश उरला तरी त्यावर पुढे दुसरे सीलंट धरत नाही, रंगही धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन धातूला गंजवते. पट्ट्या, जाळ्या, झाकणांच्या चौकटी आणि दिवे यांच्या मागे ब्युटाइलची, म्हणजे मऊ चिकट रबराची, टेप सर्वांत चांगली, कारण ती वर्षानुवर्षे मऊ राहते, उन्हाने हलणाऱ्या पट्टीबरोबर स्वतःही हलते आणि दहा वर्षांनी वस्तू काढायची झाली तर सोडतेही. पॉलियुरेथेनचे सीलंट फार बळकट चिकटते. म्हणून जिथे चिकटवणेच हवे आहे तिथे ते वापरावे, पण पुढे काढाव्या लागणाऱ्या वस्तूला लावले तर ती काढताना भिंतीचा थरही उपटून येतो. ॲक्रिलिकच्या खिडक्यांना ते लावू नये आणि त्या खिडक्या ॲसिटोनने पुसूही नयेत. दोन्हींमुळे त्यांच्यात तडे पडतात. छताला रबराचे आवरण असेल तर त्याला मानवणारे, आपोआप पसरणारे छताचे सीलंटच घ्यावे आणि पेट्रोलजन्य द्रावक त्या रबराला लावू नये.

टेप स्क्रूच्या भोकांवरून जाईल अशी लावावी आणि प्रत्येक भोकाची बाहेरची कड आधी किंचित खोलगट करावी, म्हणजे दाबली गेलेली टेप त्या खळग्यात स्क्रूच्या मानेभोवती गच्च बसते. फायबरवर याचा दुसरा फायदा असा की वरच्या चकचकीत थराला चांदणीच्या आकाराचे तडे जात नाहीत. लांब पट्टी मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे बसवत जावी आणि शेवटचा ताण हातानेच द्यावा. ब्युटाइल हळूहळू सरकते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर सगळे स्क्रू पुन्हा एकदा हलकेच आवळावेत आणि बाहेर आलेली टेप तेव्हाच कापावी. कोपऱ्याच्या पट्टीतली प्लास्टिकची झाकणपट्टी आखडून टोकाला उघडी पडलेली असेल तर ती ओढून लांब करू नये, नवी घालावी, नाहीतर ती पुन्हा आखडते आणि तिच्याखालच्या स्क्रूंपर्यंत पाणी जाते. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या बाजूची बारीक भोके मात्र सीलंटने बुजवू नयेत; चौकटीत शिरलेले पाणी बाहेर जाण्यासाठीच ती ठेवलेली असतात. दिव्यांच्या आणि जाळ्यांच्या बाबतीतही वरची कड आणि दोन्ही बाजू बंद करून खालची कड मोकळी ठेवावी.

शेवटी पाण्याची नळी घेऊन, जोर न लावता, खालून वर अशा क्रमाने एकेका जागेवर काही मिनिटे पाणी सोडावे आणि दुसऱ्या माणसाला आत कपाटांच्या मागे विजेरी घेऊन पाहायला सांगावे. वरून सुरुवात केली तर ओघळणारे पाणी सगळीकडे पोचते आणि गळती नेमकी कुठली हे कळत नाही. दाबाचे पाणी मारणारे यंत्र या चाचणीला वापरू नये, कारण ते चांगल्या सांध्यातूनही पाणी आत घालते. त्यानंतरचा पहिला लांबचा प्रवास झाला की दुरुस्त केलेली प्रत्येक जागा पुन्हा हाताने हलवून पाहावी, आणि त्यांतला एखादा स्क्रू पुन्हा फिरू लागला असेल तर तो आवळू नये. काढावा, आटे पाहावेत आणि टोच्या पुन्हा आत घालावा.